पीएचपीवाल्यांचे प्रश्न आणि बांधावरचे तंटे

"सर, लोकलला चालतंय, सर्व्हरवर नाही."

रात्री साडेदहाला व्हॉट्सॲपवर हे वाक्य आलं की सोबतचा स्क्रीनशॉट उघडण्याआधीच मी मनात पैज लावतो. परवाही लावली आणि जिंकलो. पांढऱ्या पानावर वरच्या कोपऱ्यात ती जुनी ओळखीची ओळ होती: 'कॅनॉट मॉडिफाय हेडर इन्फर्मेशन, हेडर्स ऑलरेडी सेंट'. हाच प्रश्न वीसेक वर्षांपूर्वी मी माझ्या सिनियरला विचारला होता. तेव्हा पीएचपी चौथ्या-पाचव्या आवृत्तीत होती, आता आठवी चालू आहे. मधल्या काळात भाषा ओळखू येणार नाही इतकी बदलली, प्रश्न मात्र जागचे हलले नाहीत. ते का हलत नाहीत, हे पाहण्यासाठी हा आढावा. नव्या मुलांना उत्तरं मिळतातच, पण तोच प्रश्न पुढच्या वर्षी नवा मुलगा का विचारतो, हे त्यांना कोणी सांगत नाही.

आधी त्या हेडरचं बघू. सर्व्हर ब्राउझरला पान पाठवतो तेव्हा आधी हेडर जातात आणि मागून मजकूर. कुकी ठेवायची असेल, सेशन सुरू करायचं असेल, दुसऱ्या पानावर पाठवायचं असेल, तर ते सगळं हेडरमध्ये सांगावं लागतं. मजकुराचं एक अक्षर जरी बाहेर पडलं तरी हेडरचं दार बंद होतं. मुलगा म्हणतो, "पण सर, मी तर काहीच प्रिंट केलं नाही." खरंच केलेलं नसतं. कॉन्फिगच्या फाइलमध्ये शेवटच्या बंद खुणेनंतर दोन रिकाम्या ओळी असतात. लगेचची एक नवी ओळ पीएचपी गिळते, दुसरी गिळत नाही. किंवा फाइल विंडोजच्या जुन्या नोटपॅडमध्ये यूटीएफ-८ म्हणून सेव्ह केलेली असते. नोटपॅड तेव्हा फाइलच्या सुरुवातीला बीओएम नावाचे तीन बाइट गुपचूप घालायचं. एडिटरमध्ये ते दिसत नाहीत, पण सर्व्हरच्या दृष्टीने तो मजकूर झाला. (२०१९च्या विंडोज अपडेटपासून नोटपॅडने ही खोड सोडली. जुन्या फाइलींमध्ये मात्र ते बाइट अजून घर करून बसलेत.) एररमध्येच 'आउटपुट स्टार्टेड ॲट' म्हणून फाइल आणि ओळीचा क्रमांक छापलेला असतो, पण तो कोणी वाचत नाही. सगळे हेडरच्या ओळीकडे बघतात, तिथे चूक नसतेच.

आणि "लोकलला चालतंय" हेही खोटं नसतं. मुलगा स्वतःच्या संगणकावर ज्यात कोड चालवून बघतो त्या झॅम्पमध्ये आउटपुट बफरिंग ४०९६ बाइटांवर लावलेलं असतं, म्हणजे तेवढा मजकूर पीएचपी आधी स्वतःकडे धरून ठेवते आणि हेडरला उशिरा यायची सवलत मिळते. होस्टिंगवाल्याच्या सर्व्हरवर ते बंद असेल तर सवलत गेली. कोड एकच, चूकही एकच. एका ठिकाणी ती झाकली जाते, दुसऱ्या ठिकाणी उघडी पडते.

गावाकडे जमिनीचे तंटे शेताच्या मधोमध क्वचितच होतात, बहुतेक बांधावर होतात. पीएचपीच्या प्रश्नांचं तसंच आहे. ही भाषा एकटी कधीच राहत नाही. एका बाजूला ब्राउझर, दुसऱ्या बाजूला डेटाबेस, खाली अपाची किंवा एनजिनएक्स, पलीकडे मेल सर्व्हर, आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीत ही. नव्या डेव्हलपरला वाटतं आपण पीएचपी लिहितोय. खरं तर तो चार यंत्रणांमधला निरोप्या लिहीत असतो, आणि निरोप कुठल्या हद्दीवर बिघडला हे त्याला कळत नाही. शिव्या मात्र पीएचपीला बसतात.

याचं मूळ तिच्या जन्मात आहे. ग्रीनलंडमध्ये जन्मलेल्या रासमुस लेर्डोर्फने १९९४ साली स्वतःच्या बायोडेटाच्या पानावर कोण येऊन जातं हे बघायला सी भाषेत काही छोटे प्रोग्रॅम लिहिले आणि त्यांना 'पर्सनल होम पेज टूल्स' म्हटलं. ८ जून १९९५ला ते त्याने सगळ्यांसाठी खुले केले. नवी भाषा घडवायचा त्याचा बेत नव्हता. एचटीएमएलच्या पानात मधेमधे थोडी हालचाल हवी, एवढीच गरज होती. पुढे इस्रायलमधल्या झीव सुरास्की आणि अँडी गुटमन्स या दोन विद्यार्थ्यांनी तिचा गाभा पुन्हा लिहिला, १९९८मध्ये तिसरी आवृत्ती आली आणि तिथून ती पसरली. पण 'पानाच्या मधे लिहायची गोष्ट' हा मूळ स्वभाव सुटला नाही, आणि नवशिक्याचा सगळ्यात पहिला गोंधळ इथेच होतो: "बटणाच्या ऑनक्लिकमध्ये पीएचपीचं फंक्शन कसं बोलवू?"

बोलवता येत नाही. बटण दाबेपर्यंत पीएचपी संपलेली असते. विनंती आली की ती जागी होते, पान तयार करते, हातातलं सगळं टाकून देते आणि मरते. पुढच्या विनंतीला तिला मागचं काही आठवत नाही. एकाच फाइलमध्ये वर पीएचपी, खाली जावास्क्रिप्ट दिसते म्हणून दोन्ही शेजारी राहतात असं वाटतं. प्रत्यक्षात एक नाशिकच्या डेटासेंटरमध्ये आणि दुसरी ग्राहकाच्या मोबाइलमध्ये चालते. सेशन का लागतं, कुकी का लागते, 'रिफ्रेश केल्यावर ऑर्डर दोनदा पडते' याला उपाय म्हणून फॉर्म स्वीकारल्यावर दुसऱ्या पानावर का पाठवायचं, हे सगळं या एका गोष्टीतून निघतं. मी इंटरव्ह्यू घेतो तेव्हा डिझाइन पॅटर्न वगैरे विचारत नाही. "बटण दाबल्यावर काय काय होतं ते क्रमाने सांग" एवढंच विचारतो. बऱ्याच जणांचा कागद तिथेच कोरा राहतो.

आता डेटाबेसचा बांध. इथला तंटा सर्वांत जुना आणि सर्वांत महागही. तो मी पुस्तकातून शिकलो नाही, वसईमुळे शिकलो.

२००८च्या सुमाराची गोष्ट. वसईतल्या एका स्पर्धेची ऑनलाइन नावनोंदणी आम्ही केली होती. पहिल्या दिवशी पाटील, म्हात्रे, नाईक सगळे सुखरूप आत गेले. दुपारी फोन: "काही लोकांचं नाव टाकलं की पान फुटतं." काही लोक म्हणजे डिसोझा, डिमेलो, डिसिल्व्हा. इंग्रजीत आडनाव लिहिताना 'डी'नंतर ते वरचा स्वल्पविराम देतात, ॲपॉस्ट्रॉफी. आमची क्वेरी तारेने बांधलेल्या मोळीसारखी होती. मजकूर एका अवतरणचिन्हापासून दुसऱ्यापर्यंत, आणि नाव मधे कोंबलेलं. डिसोझांच्या नावातलं चिन्ह आलं की डेटाबेसला वाटायचं मजकूर संपला, आणि उरलेलं 'सोझा' ही आज्ञा समजून तो अडखळायचा. वसई आणि गोव्यातली माणसं तरी सरळ होती, त्यांनी फक्त नाव लिहिलं. वाकड्या हेतूच्या माणसाने तिथे 'सोझा'ऐवजी सगळा तक्ता पुसणारी किंवा पासवर्ड न विचारता आत सोडणारी आज्ञा लिहिली असती. एसक्यूएल इंजेक्शन म्हणतात ते हेच. नाव मोठं आहे, पण मुळात आडनाव आणि आज्ञा यांतला फरक डेटाबेसला न सांगण्याचा हा हलगर्जीपणा आहे.

आम्ही काय केलं? घाईत त्या चिन्हाआधी उलटी तिरकी रेघ घालणारं फंक्शन लावलं. सर्व्हरवर मॅजिक कोट्स चालू आहे हे कोणी पाहिलं नाही. पीएचपीने एके काळी नवशिक्यांच्या काळजीपोटी ही सोय केली होती. फॉर्ममधून आलेल्या प्रत्येक अवतरणचिन्हाआधी ती स्वतःहून रेघ घालायची. तिची एक, आमची एक. डेटाबेसमध्ये आडनावात एक रेघ कायमची साठली. त्या माणसाने पत्ता दुरुस्त करायला फॉर्म पुन्हा उघडून सेव्ह केला की एकाच्या तीन व्हायच्या, तिसऱ्यांदा सात. एका बिचाऱ्याने दोनदा दुरुस्ती केली होती. त्याच्या छापील बिल्ल्यावर 'डी', मग सात तिरक्या रेघा, मग उरलेलं आडनाव आलं. त्याने तो बिल्ला जपून ठेवलाय असं नंतर कळलं.

मॅजिक कोट्स २०१२च्या ५.४ आवृत्तीत काढून टाकलं, आणि बरं झालं. नकळत केलेली मदत ही मदत नसते, पुढच्या माणसासाठी लावलेला सापळा असतो. सरळ उपाय तोवर येऊनही गेला होता. २००४पासून मायएसक्यूएलआय आणि २००५पासून पीडीओ. त्यात आधी आज्ञेचा साचा पाठवतात आणि किमती वेगळ्या, त्यामुळे आडनावात काहीही असो, ते आडनावच राहतं. जुनी मायएसक्यूएल फंक्शनं २०१३मध्ये नापसंत ठरली आणि २०१५च्या सातव्या आवृत्तीत पूर्ण गेली. तरी आजही 'कॉल टू अनडिफाइन्ड फंक्शन' म्हणून त्यांच्याच नावाचा स्क्रीनशॉट येतो, कारण मुलं ज्या जुन्या पीडीएफवरून शिकतात ती २००७ सालातली असते. पीडीओ वापरणाऱ्यांचेही दोन ठरलेले प्रश्न असतात. "ऑर्डर बायनंतर प्लेसहोल्डर का चालत नाही?" कारण रकान्याचं नाव हा साच्याचा भाग आहे, किंमत नव्हे. ते आपण मंजूर केलेल्या यादीतूनच घ्यायचं. आणि "इनच्या कंसात एकाच प्रश्नचिन्हात पाच आयडी का जात नाहीत?" पाच किमतींना पाच प्रश्नचिन्हं लागतात, म्हणून.

तोच हलगर्जीपणा ब्राउझरच्या बांधावर केला की त्याला क्रॉस-साइट स्क्रिप्टिंग म्हणतात. लोकांनी लिहिलेला मजकूर जसाच्या तसा पानावर छापला आणि त्यात स्क्रिप्ट निघाली. उपाय एका फंक्शनचा आहे, एचटीएमएल-स्पेशलकॅर्स. भांडण ते कधी लावायचं यावर होतं. माझं मत ठाम आहे: साठवताना नाही, छापताना. साठवताना लावलं की तोच मजकूर एसएमएसमध्ये किंवा एक्सेलमध्ये गेल्यावर तिथे 'अँड क्वॉट' असलं काहीतरी उमटतं, आणि मग ते काढणारं आणखी एक फंक्शन लिहावं लागतं. सात रेघांचा बिल्ला नव्या कपड्यात.

यानंतरचा प्रश्न मराठीत काम करणाऱ्यांना जेवढा छळतो तेवढा इंग्रजीवाल्यांना छळत नाही. मराठीची प्रश्नचिन्हं होतात. फॉर्ममध्ये 'कोल्हापूर' लिहिलं, यादीत '?????????' आलं. यातली गंमत अशी की हा तंटा एकाच बांधावर नसतो, चार ठिकाणी असू शकतो. फाइलचं एन्कोडिंग, पानाने ब्राउझरला सांगितलेलं एन्कोडिंग, तक्त्याचा कॅरॅक्टर सेट आणि पीएचपी-मायएसक्यूएल यांच्या जोडणीचा कॅरॅक्टर सेट. पहिले तीन सगळे तपासतात, चौथा विसरतात. मायएसक्यूएल २०१८च्या आठव्या आवृत्तीपर्यंत काही न सांगितल्यास लॅटिन-१ धरून चालायचं, आणि लॅटिन-१मध्ये 'को' कुठे बसणार? जोडणी करताच तिला 'यूटीएफ-८ एमबी-४' असं सांगायची एक ओळ, एवढाच इलाज.

इथे एक व्यवहारी खूण सांगतो, ती कामाला येते. पडद्यावर डोक्यावर रेघा-टिंबं असलेल्या परक्या रोमन अक्षरांची भाऊगर्दी दिसली तर घाबरू नका. बाइट जागेवर आहेत, फक्त चुकीच्या चष्म्यातून वाचले जातायत, मजकूर परत मिळतो. पण डेटाबेसमध्येच प्रश्नचिन्हं साठली असतील तर 'कोल्हापूर' गेलं, आता मूळ अर्ज शोधा. आणि मायएसक्यूएलमध्ये नुसतं 'यूटीएफ-८' निवडू नका. त्या नावाच्या जुन्या संचात एका अक्षराला जास्तीत जास्त तीनच बाइट मिळतात. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह नेमक्या तीन बाइटांत बसतं, म्हणून वर्षानुवर्षं कोणाचं अडलं नाही. मग मोबाइलवरून कोणीतरी शुभेच्छांमध्ये हात जोडलेला इमोजी टाकला, त्याला चार बाइट लागतात, आणि नोंद तिथेच तुटली किंवा नाकारली गेली. चार बाइटांचा संच मायएसक्यूएलमध्ये २०१०पासून आहे.

याचंच जुळं भावंड म्हणजे लांबीचा प्रश्न. "'मराठी' शब्दाची लांबी पीएचपी १५ का सांगते?" कारण स्ट्रलेन अक्षरं मोजत नाही, बाइट मोजतं. म, र, काना, ठ, दीर्घ वेलांटी अशी पाच चिन्हं, प्रत्येकी तीन बाइट, झाले पंधरा. एमबी_स्ट्रलेन विचारलं तर पाच. आणि शाळेत बाईंनी शिकवल्याप्रमाणे म, रा, ठी अशी तीन हवी असतील तर इंटल एक्स्टेन्शनमधलं ग्राफीम_स्ट्रलेन. 'ज्ञानेश्वर' असेल तर दहा चिन्हं, तीस बाइट, आणि अक्षरं किती हे जोडाक्षर एक धरायचं की दोन यावर अवलंबून. जुनी लायब्ररी ती फोडून मोजते, २०२३नंतरचे युनिकोडचे नियम देवनागरी जोडाक्षर एकसंध धरतात. सर्व्हर बदलला की मोजणी बदलते, हे ध्यानात ठेवलेलं बरं.

हे कीस काढणं वाटेल, पण परिणाम रोज दिसतात. बातमीचा सारांश म्हणून सबस्ट्रने पहिले शंभर बाइट कापले. शंभराला तीनने भाग जात नाही, त्यामुळे शेवटचं अक्षर मधोमध चिरलं गेलं आणि काळ्या चौकटीतलं प्रश्नचिन्ह उमटलं. इतकंच झालं असतं तर निभावलं असतं. तोच सारांश मोबाइल ॲपसाठी जेसनमध्ये घातला की जेसन_एन्कोड तुटक्या यूटीएफ-८वर हात वर करतं आणि नुसतं फॉल्स देतं. ॲपमध्ये पान कोरं येतं, लॉगमध्ये काही नसतं. मुलगा दोन दिवस ॲपवाल्याशी भांडतो. एमबी_सबस्ट्र लावलं की भांडण मिटतं. काना-वेलांटी मुळापासून तुटण्याची भीती तरीही उरते, तिथे पुन्हा ग्राफीमवाल्या फंक्शनांकडे जावं लागतं.

आतापर्यंत मी पीएचपीची बाजू घेत आलो. आता जिथे भाषाच दोषी आहे तिथे तेही सांगायला हवं. == आणि === मधला फरक काय, हा बहुधा सर्वाधिक विचारला गेलेला प्रश्न असावा, आणि तो विचारणाऱ्याला मी कधी हसत नाही. दोन बरोबरची चिन्हं टाकली की पीएचपी दोन्ही बाजू मनाने एका जातीच्या करून पाहते. सातव्या आवृत्तीपर्यंत 'एबीसी' ही अक्षरं आणि शून्य हा आकडा तिच्या लेखी समान होते, कारण अक्षरांचा आकडा केला की शून्य होतं. २०२०च्या आठव्या आवृत्तीने हे सुधारलं. पण 'शून्य, ई, मग आकडे' अशा दोन वेगवेगळ्या अक्षरमाळा अजूनही == ला सारख्याच वाटतात, कारण त्या तिला शून्य गुणिले दहाचे घात दिसतात. एमडी५चे काही हॅश नेमके तसे निघतात, आणि त्यातून लोकांनी पासवर्डाच्या तपासण्या चकवल्या आहेत.

रोजच्या कामात मात्र स्ट्रपॉस दगा देतो. 'मुंबई सेंट्रल' या नावात 'मुंबई' आहे का विचारा, उत्तर येतं शून्य. म्हणजे 'सापडलं, अगदी पहिल्या जागी'. इफच्या कंसात शून्य म्हणजे नाही. म्हणून 'नवी मुंबई' सापडते आणि 'मुंबई सेंट्रल' हरवतं. आठव्या आवृत्तीत स्ट्र_कंटेन्स आलं, सरळ हो किंवा नाही सांगणारं. पंचवीस वर्षं लागली.

फंक्शनांच्या नावांचा आणि क्रमाचा तर आनंदच आहे. स्ट्रपॉसमध्ये आधी गवताची गंजी, मग सुई. इन_ॲरेमध्ये आधी सुई, मग गंजी. मी आजही एडिटरकडे बघूनच लिहितो आणि त्याची लाज वाटत नाही. नावं इतकी आडमाप का, याचं एक कारण लेर्डोर्फने स्वतः सांगितलंय. अगदी सुरुवातीच्या आवृत्तीत फंक्शन शोधायचा हॅश म्हणजे नावाची लांबी होती, त्यामुळे नावं वेगवेगळ्या लांबीची असली की शोध बरा व्हायचा. आणि जुन्या मंडळींना आठवत असेल, दोन दुहेरी टिंबांची :: ही खूण चुकली की एररमध्ये 'पामायीम नेकुदोतायीम' असं काही यायचं. सर्व्हर हॅक झाला म्हणून घाबरलेला माणूस मी पाहिलाय. ते हिब्रू आहे, अर्थ 'दोनदा दुहेरी टिंबं'. आठव्या आवृत्तीपासून एररमध्ये ती खूणच दाखवतात. बरं झालं म्हणावं की वाईट, ठरत नाही.

तारखांचे प्रश्न मी एका दमात सांगतो, कारण प्रत्येकाच्या तळाशी 'मॅन्युअलचा तो तक्ता नीट वाचला नाही' हेच असतं. वेळ छापताना तासानंतर एम लिहिलं की मिनिटांऐवजी महिना छापला जातो. मिनिटांचं अक्षर आय आहे. चूक सप्टेंबरात केली असेल तर सगळ्या पावत्यांवर वेळ 'वाजून नऊ मिनिटं'. सर्व्हर यूटीसीवर असेल तर साडेपाच तासांचा फरक पडतो आणि १ तारखेला पहाटे दोनला आलेली ऑर्डर मागच्या महिन्याच्या हिशेबात जाते. ३१ जानेवारीत 'एक महिना' मिळवला की मार्च उजाडतो, कारण ३१ फेब्रुवारी नसते आणि पीएचपी उरलेले दिवस पुढे ढकलते.

त्यातल्या त्यात बारीक बघण्यासारखी एक गोष्ट आहे. तारखेत तिरकी रेघ असली की स्ट्रटूटाइम ती अमेरिकन पद्धतीने, आधी महिना म्हणून वाचतं. आडवी रेघ असली की आपल्या पद्धतीने, आधी दिवस. म्हणजे ०५/०६ हा मे महिना आणि ०५-०६ हा जून. बारा तारखेपर्यंत सगळं चुकतं पण निमूट चुकतं. तेरा तारखेपासून तेरावा महिना नसल्यामुळे ते फॉल्स देतं, फॉल्स म्हणजे शून्य, आणि शून्य सेकंद म्हणजे १ जानेवारी १९७०. आपल्याकडे एका पिढीची जन्मतारीख शाळेत गुरुजींनी १ जून लावून टाकली होती. एका संस्थेच्या विद्यार्थी-यादीत मी अर्ध्याहून अधिक पोरं १ जानेवारी १९७०ला जन्मलेली पाहिली आहेत, अकरावीतली.

पासवर्डांचं बरं चाललंय असं म्हणायला हरकत नाही. "एमडी५ वापरू का?" हा प्रश्न कमी झाला, कारण २०१३पासून पासवर्ड_हॅश आणि पासवर्ड_व्हेरिफाय ही जोडी हाताशी आहे. त्यांचा नवा ठरलेला प्रश्न: "बरोबर पासवर्ड टाकला तरी व्हेरिफाय नाहीच म्हणतं." रकाना बघायला सांगतो. पन्नास अक्षरांचा असतो. बीक्रिप्टचा हॅश साठ अक्षरांचा, शेपूट कापली गेली. रकाना २५५चा करा आणि पासवर्ड पुन्हा लावा. मराठीतून पासवर्ड ठेवणाऱ्या हौशी माणसांना आणखी एक सांगणं: बीक्रिप्ट ७२ बाइटांपलीकडचं बघतच नाही, म्हणजे देवनागरीत चोवीस चिन्हं. त्यापुढचा तुमचा अभंग वाया.

फाइल अपलोडची तक्रार मात्र ऐकायला विचित्र असते. भरतीच्या अर्जात उमेदवाराने नाव, पत्ता सगळं भरलंय, फोटो आणि सर्टिफिकेटं जोडलीत, सबमिट दाबलं आणि उत्तर येतं: 'नाव भरणे आवश्यक आहे.' तो पुन्हा भरतो, पुन्हा तेच. पीएचपीच्या मूळ सेटिंगनुसार एक फाइल २ एमबी आणि पूर्ण फॉर्म ८ एमबी एवढंच चालतं. फॉर्म ८ एमबीच्या वर गेला की पीएचपी सगळाच फेकून देते, फोटोसोबत नावही. कोडला वाटतं माणसाने काहीच भरलं नाही. आजच्या मोबाइलचे तीन फोटो जोडले की ही मर्यादा ओलांडलीच. त्यात पुढे एनजिनएक्स असेल तर त्याची स्वतःची मर्यादा १ एमबी, ती वेगळी वाढवायची. याच अर्जात दुसरी मेख सेशनची. काही न करता १४४० सेकंद गेले, म्हणजे २४ मिनिटं, की सेशन कचऱ्यात जायला मोकळं. जातीचा दाखला कपाटातून शोधून स्कॅन करून येईपर्यंत चोवीस मिनिटं सहज होतात.

आणि या सगळ्यांच्या वर तो सनातन प्रश्न: "पीएचपी मेली का? शिकू की नको?" ती मेल्याची बातमी मी पहिल्यांदा रुबी ऑन रेल्स आली तेव्हा ऐकली, मग नोड आली तेव्हा. सर्व्हरवरची भाषा ओळखता येते अशा साइटींत तिचा वाटा २०२५मध्येही सत्तर टक्क्यांच्या पुढे होता. त्यातला मोठा हिस्सा २००३ साली निघालेल्या वर्डप्रेसचा, आणि विकिपीडियाही तिच्यावरच उभा आहे. सातव्या आवृत्तीने वेग जवळपास दुप्पट केला, २०१२च्या कंपोझरने लायब्ररी आणण्याची शिस्त लावली, २०११च्या लारावेल फ्रेमवर्कने नव्या पोरांना तिच्यात बसवलं. तेव्हा शिकायला हरकत नाही. पण खरी अडचण मरणाची नाही, वयाची आहे. एका आवृत्तीला चारेक वर्षं सुरक्षेची दुरुस्ती मिळते, आणि साइट बारा वर्षं चालते. ७.४ची दुरुस्ती नोव्हेंबर २०२२मध्ये थांबली. तिच्यावर चालणारी संस्था, पतपेढ्या, शाळा यांची पानं अजून आहेत. होस्टिंगवाला एके दिवशी आवृत्ती बदलतो, काल नुसत्या नोटिसा होत्या त्या आज वॉर्निंग होतात, काल वॉर्निंग होत्या त्या आज पान पाडतात, आणि त्या संस्थेत कोड लिहिणारा माणूस कधीच सोडून गेलेला असतो.

परवाच्या त्या मुलाचा सव्वाअकराला पुन्हा मेसेज आला. "सर, झालं. बीओएमच होता." मी अंगठा पाठवला. दोन मिनिटांनी: "सर, आता मेल जातोय, पण स्पॅममध्ये."

मेल फंक्शन ट्रू देतं त्याचा अर्थ एवढाच की सर्व्हरवरच्या मेल प्रोग्रॅमने पत्र हातात घेतलं. ते पोचलं का, कोणी उघडलं का, हे पीएचपीला ठाऊक नसतं. पत्र खरंच त्या डोमेनचं आहे हे जीमेल डोमेनच्या नोंदींत बघतं, एसपीएफ आणि डीकेआयएम. त्या नोंदी पीएचपीमध्ये नाहीत, डीएनएसच्या पॅनेलमध्ये आहेत. म्हणून त्याला विचारलं, पॅनेलचा पासवर्ड कोणाकडे आहे? तो क्लायंटच्या भाच्याकडे निघाला. भाचा दुबईत असतो.